बॅटरीचा खर्च कोणत्या योजनेत बसतो?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या वाचकपत्रांत एका निवृत्त गृहस्थांचं पत्र होतं. सरकारनं पैसे वाटून वाटून लोकांना आळशी केलं, असा त्यांचा सूर. मोफत रेशन, लाडकी बहीण आणि दिव्यांगांचं मानधन या तिन्हींची त्यांनी एकच मोट बांधली होती. पहिल्या दोन्हींवर भांडायला आपल्याकडे माणसं भरपूर आहेत. मी तिसऱ्याबद्दल लिहिते. ते मानधन मी घेतलंय, ते घेणाऱ्यांचे अर्ज रोज भरते, आणि आता ते मला मिळत नाही. तेव्हा या विषयावर बोलायचा थोडाफार अधिकार मला आहे, असं समजते.

माझं वय 43. चालायला लागायच्या आधीच पोलिओ झाला आणि दोन्ही पाय गेले. सिव्हिलच्या बोर्डानं 84 टक्के दिव्यांगत्व लिहून दिलंय, म्हणून माझं युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, निळं आहे. (80 आणि वर निळं, 40 ते 79 पिवळं, 40 च्या खाली पांढरं. बऱ्याच जणांना कार्ड हातात आल्यावरसुद्धा हे ठाऊक नसतं.) सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं झेरॉक्स आणि ऑनलाईन फॉर्मचं दुकान आहे. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्ती, पीक विमा, सगळं होतं. दिव्यांगांची कामं जास्त येतात, कारण दुकानाला पायरी नाही.

हे मानधन संजय गांधी निराधार योजनेतून मिळतं. आमच्याकडे त्या पैशाला सगळे ‘पगार’ म्हणतात. मला तो सुरू झाला तेव्हा महिना 600 रुपये होता. सहाशेत काय होतं, असं कुणीही म्हणेल. घरात आई, भाऊ, वहिनी, त्यांची मुलं. जेवायला कधी कमी पडलं नाही, कुणी वाईट वागलं नाही. पण मोबाईलच्या रिचार्जला, डोक्याच्या तेलाला, पॅडला, प्रत्येक गोष्टीला मागावं लागायचं. मागितल्यावर मिळायचं, तरी मागावं लागायचंच. स्वतःच्या खात्यावर सहाशे यायला लागले तेव्हा पहिल्यांदा भाचीला वाढदिवसाला फ्रॉक घेतला. त्यातूनच पै पै साठवून एमएस-सीआयटीची फी भरली. क्लास दुसऱ्या गावात होता. एसटीत दिव्यांगांना 75 टक्के सवलत, आणि 65 टक्क्यांच्या वर दिव्यांगत्व असेल तर सोबतच्या माणसाला निम्मं तिकीट. त्यामुळे आई बरोबर यायची आणि क्लास सुटेपर्यंत स्टँडवर बसून राहायची. पूर्ण भाड्यात हे आमच्यानं झालं नसतं. सवलत आहे, पण एसटीची पहिली पायरी अजून माझ्या कमरेला लागते. कुबड्या आधी वर टाकायच्या, मग दांड्याला धरून स्वतःला ओढायचं, आणि तोवर मागच्यांचं ‘चला, चला’ ऐकायचं. असो.

खरा फरक पडला तो बॅटरीच्या तीनचाकीनं. दिव्यांगांना साहित्य देणारी केंद्राची एडिप योजना 1981 पासून आहे. कॅलिपर (पायाला बांधायचा आधार), कुबड्या, श्रवणयंत्र, पांढरी काठी, व्हीलचेअर त्यातून मिळते आणि 80 टक्क्यांच्या वरच्यांना मोटरची तीनचाकीही. ती येईपर्यंत मी भावाच्या मोटारसायकलवर मागं बसून जायची. म्हणजे भावाला वेळ असेल तेव्हा, भाऊ नेईल तिथं. तो सकाळी साडेआठला निघायचा, म्हणून मीही साडेआठला निघायची, दुकान दहाला उघडणार असलं तरी. पाऊस आला, त्याला कारखान्यात जादा पाळी लागली, की माझा दिवस गेला. तीनचाकी आल्यावर मी दवाखान्यात पहिल्यांदा एकटी गेले. मला पाळीचा त्रास होता, दोन-तीन वर्षं अंगावर काढलेला. डॉक्टरीणबाईंना तो नीट सांगता आला, कारण दारात भाऊ उभा नव्हता. ‘स्वावलंबन’ हा शब्द भाषणात फार ऐकू येतो. मला तो म्हटला की डॉक्टरीणबाईंची ती खोली आठवते.

आता पत्रलेखकांच्या मूळ मुद्द्याकडे येते: पैसे मिळाले की माणूस काम करत नाही. या योजनेत झालंय ते नेमकं उलटं. काम करणाऱ्याला पैसे मिळत नाहीत. दिव्यांग अर्जदाराच्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 50,000 च्या आत हवं, अशी अट आहे. बारानं भागा. महिना 4,200 सुद्धा होत नाहीत. आई आणि मी वेगळ्या रेशनकार्डावर आहोत. दुकान जरा चालायला लागलं आणि मी खरा दाखला काढला, तशी माझी फाईल बंद झाली. खोटा काढता आला नसता अशातला भाग नाही. दाखल्याचे अर्ज मीच भरते, कुणाचा कसा निघतो ते मला समोर दिसतं. पण ज्या दुकानाच्या पाटीवर माझं नाव आहे, त्याच दुकानात बसून ‘उत्पन्न 21,000’ असं लिहायला हात धजेना.

म्हणजे सरकारचं म्हणणं असं, की ही बाई महिन्याला पाच-सहा हजार कमवायला लागली, आता तिला मदतीची गरज नाही. पण दुकान सुरू झालं म्हणून माझे पाय सुरू झाले नाहीत. उलट खर्च वाढला. घरी बसून होते तेव्हा कॅलिपर दोन-दोन वर्षं टिकायचा. आता रोज वापरात असल्यामुळे पट्टा तुटतो, बिजागरी ढिली होते, बूट झिजतो, आणि तो बूट साध्या चांभाराकडे होत नाही. पायऱ्या नसलेला गाळा हवा म्हणून रस्त्यावरचा घेतला. त्याच बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावरचा गाळा निम्म्या भाड्यात होता. शटर उचलायला आणि पाडायला शेजारच्या हॉटेलातल्या पोऱ्याला महिन्याला काही द्यावं लागतं. ऑफिसात दुसऱ्या मजल्यावर काम निघालं की माझ्या वतीनं कुणाला तरी पाठवायचं, त्याचा चहा-पाणी वेगळा. माझ्याएवढंच कमावणाऱ्या धडधाकट माणसाला यातला एकही खर्च नाही. कमाई सारखी असली तरी महिन्याअखेरीस हातात सारखं उरत नाही, एवढंच माझं म्हणणं आहे.

आणि हे सरकारला कळत नाही असं नाही. प्राप्तिकराच्या जुन्या पद्धतीत 40 टक्के दिव्यांगत्व असलेल्या करदात्याला 75,000 ची आणि 80 टक्क्यांच्या वर 1,25,000 ची वजावट मिळत आली आहे, तीही खर्चाची एकही पावती न दाखवता. दिव्यांग असण्याला जादा खर्च येतो, आणि माणूस लाखोंनी कमावत असला तरी येतो, हे त्या कायद्यानं मान्य केलंय. एडिपचंच बघा. तिथं मासिक उत्पन्न 22,500 पर्यंत असेल तर साहित्य मोफत मिळतं. एकाच माणसाला एका खिडकीवर महिन्याला 22,500 कमावूनही गरजू धरतात आणि दुसऱ्या खिडकीवर वर्षाला 50,000 च्या वर गेला की नाव काढतात. गंमत अजून पुढे आहे. लाडकी बहीण योजनेची उत्पन्नमर्यादा वर्षाला अडीच लाख आहे. त्यामुळे बाई म्हणून मी पात्र ठरले, त्याचे 1,500 खात्यावर येतात. त्या गृहस्थांनी हवं तर मला त्या मोटेत धरावं, माझी हरकत नाही. पण पाय नाहीत म्हणून मिळायचं ते गेलं, आणि बाई आहे म्हणून मिळायचं ते आलं, याला काय म्हणावं ते त्यांनीच सांगावं.

रकमेबद्दलही बोलायला हवं. 600 चे 2019 मध्ये 1,000 झाले, 2023 मध्ये 1,500. जून 2025 मध्ये माजी आमदार बच्चू कडू गुरुकुंज मोझरीला उपोषणाला बसले, त्यांच्या मागण्यांत दिव्यांगांचं मानधन होतं. सप्टेंबरात मंत्रिमंडळानं दिव्यांगांसाठी ते 2,500 केलं. चांगलं झालं, मनापासून सांगते. माझ्याकडे येणाऱ्या एका आजोबांनी त्या जादा हजारातून श्रवणयंत्राचे सेल नियमित घ्यायला सुरुवात केली. त्याआधी ते यंत्र फक्त पाहुणे आले की कानात घालायचे. पण 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 24 मध्येच लिहिलंय, की सामाजिक सुरक्षेच्या योजनांत दिव्यांगांना इतरांपेक्षा निदान 25 टक्के जास्त रक्कम मिळावी. तो कायदा एप्रिल 2017 मध्ये लागू झाला. पुढची आठ वर्षं या योजनेत विधवा, निराधार आणि दिव्यांग, सगळ्यांची मूळ रक्कम एकच होती. केंद्राचा इंदिरा गांधी दिव्यांग निवृत्तिवेतनाचा वाटा तर महिना 300 रुपये आहे, तोही 80 टक्क्यांच्या वर आणि दारिद्र्यरेषेखाली असलेल्यांनाच. 2012 मध्ये 200 चा 300 झाला, तिथंच थांबलाय. त्या वर्षी गॅसचं सिलिंडर कितीला होतं ते वाचकांनी आठवावं.

या सगळ्यात ज्यांचं नाव कुठंच नीट बसत नाही, ते म्हणजे ज्यांना दिवसभर दुसऱ्या माणसाची गरज लागते. जवळच्या एका गावातला तिशीतला तरुण चिंचा उतरवताना झाडावरून पडला. मणक्याला मार लागला, कमरेखाली संवेदना नाही. त्याच्या कार्डासाठी मी घरी जाऊन फोटो काढला, कारण त्याला दुकानापर्यंत आणणं म्हणजे जीप करणं आलं. दिवसातून चार-पाच वेळा कॅथेटर घालून लघवी काढावी लागते. नळी, हातमोजे, जेली. एकच नळी उकळून उकळून वापरतात, मग जंतुसंसर्ग होतो आणि ताप येतो. दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखम होते आणि ती भरता भरत नाही. हे सगळं त्याची बायको करते. ती आधी खुरपायला, द्राक्षाच्या बागेत विरळणीला जायची. आता जाता येत नाही. अपघात एकाला झाला आणि घरातल्या दोन मजुऱ्या बंद पडल्या. तो मोबाईल दुरुस्तीचं काम शिकलाय, खाटेवर पालथं पडून छातीखाली उशी घेऊन सोल्डरिंग करतो, हात चांगला आहे. मी स्वतः दोन-तीन फोन दिलेत त्याच्याकडे. सकाळ-संध्याकाळ दोन-दोन तास कुणी पगारी माणूस आला, तर बायको कामावर जाईल आणि तोही दुपारभर बसून काम करेल. 2,500 त नळ्या आणि औषधं निघतात. माणूस निघत नाही.

त्याच दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 38 मध्ये अशांसाठी ‘उच्च आधाराची गरज’ म्हणून वेगळी सोय सांगितली आहे. अर्ज करायचा, बोर्ड तपासणार, अहवालाप्रमाणे आधार मिळणार. वाचायला फार छान आहे. माझ्याकडे इतक्या जणांचे इतके अर्ज झाले, पण हा अर्ज कुठे द्यायचा म्हणून विचारत आजवर कुणी आलेलं नाही, म्हणजे हे कलम असल्याचंच कुणाला माहीत नाही. केरळमध्ये अंथरुणाला खिळलेल्यांना सांभाळणाऱ्या घरच्या माणसाला ‘आश्वासकिरणम्’ योजनेत महिना 600 रुपये देतात. रक्कम फार नाही, पण सांभाळणं हे काम आहे आणि त्याला दाम असतो, एवढं तरी तिथं मान्य झालं. स्वीडननं 1994 पासून लागू झालेल्या कायद्यानं मदतनीस ठेवायचा हक्कच दिला; कुणाला ठेवायचं हे दिव्यांग माणूस ठरवतो. ऑस्ट्रेलियात 2013 पासून प्रत्येकाच्या गरजेप्रमाणे वेगळं अंदाजपत्रक मंजूर होतं, सात लाखांहून जास्त माणसं त्यात आहेत. तिथंही खर्च फार वाढला म्हणून आता कात्री लागतेय, वाद चाललाय. त्यांच्याएवढा पैसा आपल्याकडे नाही हे मलाही कळतं. मी एका बाईच्या चार तासांच्या मजुरीबद्दल बोलतेय.

आता माझ्या तीनचाकीचं सांगते, कारण पत्र लिहायला बसले ते खरं तर त्यासाठीच. साहित्यवाटपाचे कार्यक्रम वाचकांनी पाहिले असतील. मंडप, हार-तुरे, आम्हाला उन्हात ओळीनं बसवलेलं, पाहुणे दोन तास उशिरा, मग चावी देतानाचा फोटो. त्याबद्दल तक्रार नाही. वस्तू मिळते ना, बसू उन्हात. पण गाडी बॅटरीवर चालते आणि बॅटरी म्हातारी होते. सुरुवातीला एका चार्जिंगमध्ये दुकान, घर, बाजार सगळं व्हायचं. पुढं पुढं घरी परतताना स्टँडच्या चढावर गाडी रडायला लागली. मग चढाच्या खाली थांबून कुणी ओळखीचं दिसतंय का बघायचं आणि त्याला ढकलायला सांगायचं. एका उन्हाळ्यात दोन्ही बॅटऱ्या बसल्या. विचारायला गेले तर एका कार्यालयात उत्तर मिळालं, की साहित्य मिळालेलं आहे, आता मुदत झाल्याशिवाय नवीन अर्ज करता येणार नाही. मी म्हटलं, मला नवीन गाडी नकोच आहे, दोन बॅटऱ्या हव्यात. त्यावर साहेब म्हणाले, बॅटरीचं हेड नाही, म्हणजे त्या खर्चासाठी सरकारी हिशेबात खातंच नाही. शेवटी ई-रिक्षा दुरुस्त करणाऱ्या एका पोरानं त्याच मापाच्या बॅटऱ्या बसवून दिल्या, साडेनऊ हजाराला. माझ्याकडे दुकान होतं म्हणून ते जमलं. आमच्या भागात मी अशा गाड्या बघते की ज्यांच्यावर कोंबड्या बसतात, सरपण ठेवलेलं असतं. मालक परत जमिनीवरून सरपटतो. सरकारी कागदावर मात्र तो लाभार्थी आहे आणि मुदत संपेपर्यंत त्याला काही मिळायचं नाही.

हेड नाही म्हणणाऱ्यांसाठी एक सांगते. ग्रामपंचायत, नगरपरिषद, जिल्हा परिषद, सगळ्यांनी स्वउत्पन्नाचे 5 टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे, असा राज्याचा नियम आहे. पूर्वी 3 टक्के होते. हा पैसा मार्चच्या शेवटच्या आठवड्यात जागा होतो. कुठे दिवाळीला प्रत्येकी काही रुपये वाटून टाकतात. कुठे सगळ्यांना एकसारखी वस्तू. एका ग्रामपंचायतीनं एका वर्षी सगळ्या दिव्यांगांना पिठाची चक्की दिली, त्यात दोन्ही हात नसलेला एक मुलगा होता. हाच पैसा बॅटरी, टायर, कॅलिपरचा पट्टा, श्रवणयंत्राचे सेल, नळ्या, एवढ्यासाठी राखून ठेवला आणि बिल दाखवलं की महिन्याभरात खात्यावर टाकला, तर नवी योजना काढायचीही गरज नाही. किती जणांच्या गाड्या परत रस्त्यावर येतील!

रॅम्पचंही तेच. बारा इंच चढायला बारा फूट उतार लागतो, हे प्रमाण ठरलेलं आहे आणि कोणत्याही इंजिनिअरला ते ठाऊक असतं. तरी सरकारी इमारतींना चार फुटांची घसरगुंडी बांधतात. तिच्यावर मी एकटी चढले तर उलटी खाली येईन, म्हणून दोघं लागतात. दोघं असतील तर मला पायरीवरूनही उचलतील, मग सिमेंट कशाला वाया घालवलं? नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं केंद्राला सांगितलं, की सुगम्यतेचे, म्हणजे दिव्यांगांना सगळीकडे सहज जाता-येता यावं यासाठीचे, नियम नुसते मार्गदर्शक ठेवू नका, बंधनकारक करा. आमच्याकडच्या गवंड्यापर्यंत तो निकाल अजून पोचायचाय.

पत्रलेखकांनी ‘आमच्या करातून’ असा शब्द वापरलाय. माझ्या दुकानात पूर्वी फॉर्म भरायला येणारा एक अंध मुलगा आहे. शिष्यवृत्ती, परीक्षेला लेखनिक, संगणकाचं प्रशिक्षण आणि नोकरीतलं 4 टक्के आरक्षण, या सगळ्याच्या जोरावर तो कार्यालयात लागला. पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरवर त्याची बोटं अशी चालतात, की बोलणाऱ्या फोनचा आवाज मला ‘चर्रर्र’ एवढाच ऐकू येतो. त्याला प्रत्येक शब्द कळतो. गेल्या वर्षी त्यानं माझ्याकडून फॉर्म 16 ची प्रिंट काढून नेली. त्याच्या पगारातून कर कापला जातो. त्या गृहस्थांच्या निवृत्तिवेतनात त्याचेही दोन पैसे असतील.

माझं मागणं फार मोठं नाही. दिव्यांगांची 50,000 ची मर्यादा काढा, किंवा निदान लाडक्या बहिणीइतकी तरी करा. ज्याला दिवसभर माणूस लागतो, त्याच्या घरी मदतनीस भत्ता द्या. आणि 5 टक्के निधीत दुरुस्तीचा वेगळा भाग आधीच बाजूला काढा. यातलं शेवटचं तर मुंबईला न जाता होईल. स्थानिक संस्थांची अंदाजपत्रकं मार्चपर्यंत मंजूर होतात. आपल्या वाचकांत नगरसेवक, सरपंच, ग्रामसेवक बरेच असतील. त्यांनी या वर्षीच्या यादीत चक्की आणि मिक्सरच्या वर ‘बॅटरी’ हा एक शब्द घालून बघावा. गाड्या किती आहेत याची माहिती हवी असेल तर आमच्या तालुक्यापुरती यादी माझ्याकडे तयार आहे, प्रिंटचे पैसे घेणार नाही.

पत्र छापल्यास नाव छापू नये ही विनंती. ज्या टेबलांबद्दल लिहिलंय, त्याच टेबलांवर उद्या सकाळी मला लोकांच्या फायली द्यायच्या आहेत.

आपली,
एक वाचक, जि. सोलापूर
(नाव व पत्ता संपादकांकडे)